पेट्रोलचा आवाज

कानसेननी पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर आधी तळहात ठेवला, मग हात उलटा करून ठेवला. गाडी खरोखरच गार आहे याची खात्री पटल्यावर त्यांनी हात पँटला पुसला. विकणारे मोठे चलाख असतात. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून ठेवतात, तेल सगळीकडे फिरतं आणि इंजिनाची रात्रभराची दुखणी गुपचूप बसतात. म्हणून कानसेन नेहमी फाटक उघडायच्या वेळेलाच हजर होत. आजही कुलूप निघालं तेव्हा ते आणि त्यांची मुलगी बाहेर उभे होते, आणि जुन्या गाड्यांच्या त्या आवाराचा मालक जांभई आवरत म्हणाला होता की एवढ्या लवकर दूधवालासुद्धा येत नाही.

कानसेन हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावानं त्यांना हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गॅरेजात चाळीस वर्षं त्यांनी लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून रोग सांगितले. दुसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. खोलून बघावं तर नेमकं तेच निघायचं. पुढे हात थकले, गॅरेज विकलं, पण कानाची कीर्ती राहिली. गावात जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण आधी कानसेनना घेऊन येई, आणि त्यांनी मान हलवली की कोणी घासाघीस करत नसे.

आणि तेच कान आता गेले होते. पूर्ण नाही. जाड आवाज येत होते. माणसं बोललेली कळत होती, ट्रक जाताना कळत होता. गेले ते बारीक आवाज. वर्ष झालं त्याला. कानसेननी कोणाला सांगितलं नव्हतं.

"लावू?" मुलीनं गाडीत बसून विचारलं.

त्यांनी सळई इंजिनावर टेकवली, डोळे मिटले आणि बोट वर केलं. मुलीनं किल्ली फिरवली. शेजारच्या घरात कोणी पंखा लावावा तशी घरघर आली, आणि बस्स. पेट्रोल इंजिनाची सगळी दुखणी बारीक आवाजात असतात. आतली चेन सैल झाली असली तर गार इंजिन सुरू होताना ती खुळखुळते. दोनेक सेकंदांत थांबली तर वयाचा भाग, पाच सेकंद चालली तर गाडीला हात लावायचा नाही. हे त्यांनीच अख्ख्या गावाला शिकवलेलं. आता ते डोळे मिटून उभे होते आणि सळईतून त्यांना काहीही सांगितलं जात नव्हतं. तरी ते मिनिटभर तसेच उभे राहिले, कारण लोक त्यांच्या तोंडाकडे बघतात हे त्यांना माहीत होतं.

"आवाज बरोबर नाही," ते म्हणाले. "डिझेल बघू."

मुलीनं गाडी बंद केली. किल्ली काढायला तिनं जरा जास्तच वेळ घेतला. तीन आठवड्यांत त्यांनी नाकारलेली ही सातवी पेट्रोल गाडी होती.

शेजारी त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, तशीच चारही चाकांना ताकद देणारी हिरवी डिझेल उभी होती. तिला सळई लावली मात्र, आणि कानसेनचा जीव भांड्यात पडला. धडधड, धडधड, धडधड. कसा मोकळा, ढोबळ, प्रामाणिक आवाज! चारही सिलिंडर एका तालात, कुठे ठेच नाही की कुठे धाप नाही. म्हातारपणी जुना मित्र भेटावा तसं त्यांना झालं. त्यांनी मान हलवली, आणि हे मान हलवणं शंभर टक्के खरं होतं.

"ही घे. डोळे मिटून घे."

मुलगी नर्स होती. परवापासून तिच्याकडे टेकड्यांवरच्या वस्त्यांची फेरी येणार होती. ज्यांना दवाखान्यात उतरता येत नाही अशा अकरा घरी जायचं, कोणाची जखम धुवायची, कोणाचं इंजेक्शन, कोणाचा रक्तदाब. चार वर्षं तिनं या फेरीसाठी अर्ज केले होते. इंधन दवाखाना देणार होता, गाडी मात्र आपली पाहिजे, आणि ती चिखलातून चढणारी पाहिजे. तिची छोटी गाडी मागच्या आठवड्यात पहिल्याच वळणावर पोटावर बसली होती. परवापर्यंत गाडी नसेल तर फेरी दुसऱ्या कोणाला द्यायचं वरिष्ठांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आता तिनं वाद घातला. शांतपणे घातला, वडिलांना औषध घ्यायला लावावं तसा. अकरा घरं, एकेक घर दोन-तीन किलोमीटरवर. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास गाडी बंद. म्हणजे इंजिन तापतंय न तापतंय तोवर पुन्हा गार. डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवायची जाळी असते, ती लांब पल्ल्याला चांगली तापली तरच आतली काजळी जळते. नाहीतर तुंबते, समोर पिवळा दिवा लागतो आणि गाडी मुंगीच्या पावलानं चालायला लागते. थोडं-थोडं फिरणाऱ्यानं पेट्रोल घ्यावी, रोज लांब जाणाऱ्यानं डिझेल. हे तुम्हीच सांगायचात ना, बाबा?

कानसेन म्हणाले की चढावर डिझेलची ताकद वेगळीच. ते म्हणाले की पांढरीचा आवाज बरोबर नाही. ते म्हणाले की नियम नियमाच्या जागी असतात. तीनही वाक्यं त्यांनी हिरव्या गाडीच्या टायरकडे बघून म्हटली.

मालकानं हसत मध्ये तोंड घातलं. अहो, या गावात हल्ली पेट्रोल घेतं कोण? तुमच्या वडिलांनी सगळ्यांना डिझेलचं वेड लावलंय. शिंपी घेतो, पोस्टमास्तर घेतो, दातांचा डॉक्टर घेतो. दर रविवारी सकाळी बघा, हायवेवर कशी रांग लागते आपल्या लोकांची! बायकापोरांना घेऊन अर्धा तास तिकडे, अर्धा तास इकडे. विचारलं कुठे चाललात, तर म्हणतात कुठेच नाही, काजळी जाळतोय.

मालकाला ही गंमत वाटत होती. कानसेनना त्या रांगेची स्वप्नं पडत.

त्याची सुरुवात झाली होती ती पाववाल्यापासून. कान जायला लागल्याचं तेव्हा त्यांना नीट कळलंही नव्हतं. पाववाल्यानं एक पेट्रोल गाडी आणली, यांनी सळई लावली, काही ऐकू आलं नाही म्हणून मान हलवली. काही ऐकू न येणं आणि काही नसणं यात फरक असतो हे चाळीस वर्षांत कधी तपासून बघायची वेळच आली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात भर उतारावर चेन तुटली. पाव गटारात, गाडी गटारात, आणि पाववाल्याचं मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये. तो येऊन दोन शिव्या घालता तरी बरं झालं असतं. पण तो भला माणूस सगळ्यांना सांगत सुटला की कानसेननी बघितलेली गाडी होती, नशीबच माझं फुटकं. त्या दिवसापासून कानसेननी पेट्रोलला मान हलवली नव्हती. जे ऐकू येतं तेवढंच पास करायचं, त्यात खोटं ते काय, असं ते स्वतःला समजावत.

मुलगी बराच वेळ दोन्ही गाड्यांकडे बघत राहिली. मग तिनं खांद्यावरची पर्स सारखी केली.

"ठीक आहे, बाबा. तुम्ही म्हणता ना, मग डिझेल."

मालक गाडीचे कागद आणायला आतल्या खोलीत गेला. पत्र्याच्या शेडमधल्या टेबलाशी बसून मुलगी खरेदीचा अर्ज भरायला लागली. नाव, पत्ता, कामाचं ठिकाण. औषधांच्या बाटल्यांवर लिहिते तसं सुटं, स्वच्छ अक्षर. कानसेनना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते शेडबाहेर आले. हिरव्या गाडीला एक फेरी घातली. मागचं दार उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं. टायरला पायानं ठोकरलं, मग ज्याचं काही काम नव्हतं अशा दुसऱ्याच गाडीच्या टायरलाही ठोकरलं. त्यांना एका जागी उभं राहवेना.

काय होणार ते त्यांना दिसत होतं, आणि ते कोणालाही दिसलं असतं. महिना, फार तर दीड महिना. मग कुठल्यातरी वस्तीवर, कोणाच्यातरी दारात, हिच्यासमोर पिवळा दिवा लागणार. आत कोणीतरी इंजेक्शनची वाट बघत पडलेलं असणार. ती फोन करणार तो आपल्यालाच. बाबा, दिवा लागलाय. आणि आपण नेहमीचं उत्तर देणार, हायवेवर अर्धा तास पळव. वर टेकडीवर हायवे कुठून आणणार ती? शिंप्याचं आणि पोस्टमास्तरचं ठीक होतं, त्यांचे रविवार तेवढे गेले. ही पोटची पोर. तिनं चार वर्षं वाट बघितली, आणि आपण तिला चुकीची गाडी देतोय. का, तर आपली लाज झाकायला.

ते शेडमध्ये परत आले तेव्हा ती शेवटच्या पानावर पोहोचली होती.

"सही करू नकोस," ते म्हणाले.

तिनं पेन उचललं आणि वर बघितलं.

"पांढरी चांगली असेल. वाईटही असेल. मला माहीत नाही." पुढचं वाक्य वर्षभर त्यांनी मनात नाना तऱ्हांनी मांडून बघितलं होतं, बाहेर आलं ते साधंच आलं. "मला पेट्रोलचा आवाज ऐकू येत नाही. बारीक सगळं गेलंय."

मुलीला धक्का बसला नाही. तिनं पेनाला टोपण लावलं, आणि ते नीट बसलं की नाही हे अंगठ्यानं बघितलं.

"दोन सेकंद," ती म्हणाली.

"काय दोन सेकंद?"

"पांढरीची चेन. दोन सेकंद वाजली, मग गप्प झाली. मी मोजलं."

कानसेन समोरच्या खुर्चीत बसले. मग तिनं अर्जाकडे बघत, हळूहळू सगळं सांगितलं. उन्हाळ्यात त्यांना ताप आला होता तेव्हा तिनं तोंडात थर्मामीटर दिलं होतं. ते वाजलं. पुन्हा वाजलं. वाजायचं थांबलं, तरी बाबा ते तोंडात धरून तिच्याकडे बघत बसले होते, कधी वाजतंय याची वाट बघत. तेव्हा तिला कळलं. खात्री करायला तिनं दुसऱ्या दिवशी ताप उतरलेला असतानाही पुन्हा लावलं होतं. आणि या तीन आठवड्यांत सातही गाड्यांना किल्ली तिनं लावली होती, आणि सातही वेळा मनात आकडे मोजले होते. तिसरी आणि पाचवी वाईट होती. बाकीच्या पाच चांगल्या होत्या.

पाच चांगल्या गाड्या. त्या पाचही वेळी ती मुकाट्यानं गाडीतून उतरली होती.

"मग बोलली का नाहीस?"

"ते तुम्ही सांगायचं होतं."

"आणि आज? या डिझेलवर सही करायला निघालीस ती?"

तिनं पेन अर्जावर आडवं ठेवलं.

"वाटलं होतं, आज तरी सांगाल. नाही सांगितलंत. म्हटलं, चालेल."

कानसेनना तिचा संताप आला. एवढी शिकलेली, रोज माणसांच्या जिवाशी काम करणारी पोर, आणि चालेल म्हणते! पण संताप फार टिकला नाही, त्याच्याखाली दुसरंच होतं, आणि ते सहन होईना. आपल्या बापाला चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून तिनं काजळीनं तुंबणारी गाडी घेऊन टेकडी चढायचं ठरवलं होतं. त्यांना लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या नावाची लाज वाटली.

दारात आवाराचा मालक हातात फाईल घेऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळत होतं. पण माणूस वाईट नव्हता. तो आत आला, फाईल टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणून समजुतीच्या गोष्टी बोलला. ताईंनी पांढरी न्यावी, आनंदानं न्यावी. बाकीचं या शेडबाहेर जायचं कारण नाही. कोणाचं काय वाईट झालंय? डिझेलचं तर तुम्हाला अजून सगळं कळतंच, कानसेन. मग तुम्ही डिझेलच बघत जा. पेट्रोलचा विषय निघाला की मान हलवू नका म्हणजे झालं. बाहेर माझ्या नऊ डिझेल उभ्या आहेत, आणि त्या तुमच्या शब्दावर उभ्या आहेत.

मुलीनं नवा अर्ज मागून घेतला. तो भरून झाल्यावर ती पांढऱ्या गाडीकडे गेली, आणि कानसेनही शेडबाहेर आले.

तेवढ्यात फाटकातून बालवाडीच्या बाई आल्या. अर्ध्या गावाला आकडे शिकवलेल्या, कानसेनच्या मुलीलाही. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या, आणि आयुष्यात एकदा उंच गाडीत बसायचं असा त्यांचा हट्ट होता. मालक लगबगीनं पुढे झाला.

"या बाई, या. वेळेवर आलात. ही हिरवी बघा, कानसेननी आत्ताच, माझ्यासमोर पास केली."

बाईंनी गाडीला एकदा लांबून, एकदा जवळून बघितलं. दाराच्या काचेत स्वतःचा चष्मा नीट केला. मग त्या कानसेनपाशी आल्या.

"घेऊ ना मी?"

एवढंच विचारलं त्यांनी. यात खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. गाडी ठणठणीत होती आणि त्यांनी ती खरोखरच पास केली होती. नुसती मान खाली-वर करायची. बाईंची शाळा घरापासून दोन गल्ल्यांवर आहे हे काही कोणी विचारत नव्हतं. मागे मुलगी पांढऱ्या गाडीत बसली होती आणि मालक त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

कानसेन बाईंच्या जवळ सरकले आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"बाई, गाडी चांगली आहे, पण तुम्हाला नको. शाळेपुरती फिरवलीत तर काजळीनं गुदमरेल बिचारी. तुम्हाला पेट्रोल पाहिजे, आणि पेट्रोलचं मला विचारू नका. माझे कान गेलेत. गावाला मी डिझेल घ्यायला लावली ती त्यापायीच. पाववाल्याचा हात मोडला तोही त्यापायीच."

त्यांना वाटलं होतं आपण हळूच बोललो. पण बाई दचकून एक पाऊल मागे सरल्या. मालकानं डोळे मिटून घेतले. फाटकाबाहेर बसची रांग होती, आठ-दहा माणसं, आणि ती सगळीच्या सगळी आवाराकडे बघत होती.

"अहो, केवढ्यानं बोलता!" बाई म्हणाल्या. "सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

कानसेननी मुलीकडे बघितलं. तिनं गाडीच्या खिडकीतून मान हलवली.

रांगेतून एक माणूस बाहेर पडला आणि फाटकाकडे यायला लागला. शिंपी होता. त्याची डिझेल गेला आठवडाभर जाळी तुंबून गॅरेजात पडली होती, म्हणून तर तो बसला उभा होता. हातातली पिशवी त्यानं छातीशी धरली होती आणि तो काहीतरी बोलत येत होता, पण इतक्या लांबून ते काय होतं हे कानसेनना कळेना.

त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि नीट ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे चालायला लागले.